फुलाचा फोटो : उजेड दाराचा, पडदा घोंगडीचा

आज आपण फुलांच्या फोटोंबद्दल बोलणार आहोत. रेडिओवर फोटो दाखवता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण फोटो कसा काढायचा ते सांगता नक्की येतं. घरात फोन असेल तर जवळ घेऊन बसा, नसेल तर नुसतं ऐका. आज सांगणार आहे ते सगळं आपल्या घरातल्याच वस्तूंनी होतं, विकत काही आणायचं नाही.

विषय का घेतला, ते आधी सांगते. आपल्या गटांमधल्या बऱ्याच जणी आता गजरे, हार, तोरणं, कुंडीतली रोपं विकतात. गिऱ्हाईक पूर्वी दारात यायचं, फूल हातात घेऊन बघायचं. आता ते आधी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागतं. म्हणजे फूल विकलं जायच्या आधी फोटो विकला जातो. तराजूत आपण खोटं माप टाकत नाही. तसाच फोटोही खरा पाहिजे.

एका गटातल्या ताईंची गोष्ट ऐका. त्यांनी हळदीच्या कार्यक्रमासाठी शेवंतीच्या हारांची ऑर्डर घेतली. फुलं होती पांढरी. फोटो काढला रात्री, पिवळ्या बल्बखाली, आणि फोटोत शेवंती छान पिवळी दिसली. समोरच्यांना हळदीला पिवळेच हार हवे होते, त्यांनी लगेच विसार पाठवला. सकाळी हार पोचले तेव्हा ते पांढरे निघाले. हार परत, विसारही परत, आणि वर ‘फसवलं’ हा शब्द ऐकून घ्यावा लागला. ताईंनी फसवलं नव्हतं, बल्बनं फसवलं होतं.

आता फोटो रात्री का काढला, तेही बघू. घरात फोन एकच, आणि तो दिवसभर मालकांबरोबर शेतात, नाहीतर पोराबरोबर कॉलेजात. तो घरी येणार दिवेलागणीला. मग फोटोही दिवेलागणीनंतरच. आपल्याकडे किती तरी घरांत असंच चालतं. त्यामुळे फुलाच्या फोटोची खरी सुरुवात कॅमेऱ्यापासून होत नाही, फोन दिवसा हातात मिळण्यापासून होते. हे ध्यानात ठेवा, शेवटी पुन्हा बोलू.

डोळा समजून घेतो, फोन घेत नाही

साडीच्या दुकानात आपण काय करतो? साडी आवडली की ती घेऊन दुकानाच्या दारात येतो. ‘जरा उजेडात बघू द्या’ म्हणतो. कारण आत दिव्यांखाली जांभळी दिसणारी साडी बाहेर मरून निघते, हे आपल्याला अनुभवानं माहीत आहे. फुलाचंही तेच आहे. साडी घ्यायला जी अक्कल आपण वापरतो, तीच इथं वापरायची.

याचं कारण सोपं आहे. साध्या पिवळ्या बल्बच्या उजेडात तांबूस-पिवळा रंग जास्त असतो आणि निळा कमी. आपले डोळे आणि मेंदू हे सांभाळून घेतात, म्हणून बल्बखालीही पांढरं फूल आपल्याला पांढरंच वाटतं. फोनही सांभाळायचा प्रयत्न करतो, पण अंदाजानं, आणि तो अंदाज पुष्कळदा चुकतो. स्वस्त एलईडी दिव्यात आणखी एक खोट असते. त्याच्या उजेडात लाल रंगाचा भाग कमी पडतो, म्हणून लाल गुलाब मळकट दिसतो. सगळ्यात वाईट म्हणजे खिडकीचा उजेड आणि दिवा दोन्ही एकदम असणं. मग फुलाची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळसर येते. तेव्हा दिवसा फोटो काढताना घरातले दिवे आधी बंद करा.

कडक उजेड, मवाळ उजेड

आता एक प्रयोग करा. दाराजवळ उभ्या राहा आणि हाताची मूठ वळून समोर धरा. आधी मूठ थेट उन्हात न्या. बोटांच्या मधल्या सावल्या कशा काळ्याकुट्ट आणि धारदार पडतात ते बघा. आता दोन पावलं मागं, उंबऱ्याच्या आत या. सावली आहे, पण ती हळूहळू विरत जाते, आणि बोटाची गोलाई नीट कळते. उन्हातला तो कडक उजेड आणि उंबऱ्याच्या आतला हा मवाळ उजेड. फुलाला मवाळ उजेड लागतो.

असं का होतं? सूर्य मोठा असला तरी इतका लांब आहे की आपल्याला तो एका ठिपक्याएवढा दिसतो. ठिपक्यातून येणाऱ्या उजेडाची सावली धारदार पडते. उंबऱ्याच्या आत मात्र सबंध दार उजेड देत असतं. उजेड देणारी जागा जेवढी मोठी आणि फुलाच्या जेवढी जवळ, तेवढी सावली मवाळ. म्हणून ढगाळ दिवशी फुलांचे फोटो चांगले येतात. तेव्हा सगळं आभाळच दिवा झालेलं असतं.

फुलाची पाकळी पातळ असते. कडक उन्हात तिच्यावर पांढरे चट्टे उमटतात आणि शिरा दिसेनाशा होतात. मवाळ उजेडात पाकळीची मऊ लव, कडेची मुरड, आतले केसर, सगळं दिसतं.

फूल ठेवायचं कुठं? खिडकी किंवा दारापासून हात-दीड हात आत, स्टुलावर. उजेड फुलाच्या बाजूनं यावा. खिडकी तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला राहील असं उभं राहा. खिडकी पाठीमागं असेल तर तुमचीच सावली फुलावर पडते, आणि फूल चपटं, पोळपाटासारखं दिसतं. खिडकी समोर असेल तर उजेड पाकळीतून आरपार येतो. जास्वंदीसारख्या पातळ फुलाला ते शोभून दिसतं, पण खरा रंग दाखवायला ते चालत नाही.

उत्तरेची खिडकी असेल तर उत्तम, कारण वर्षातले बरेच महिने तिच्यातून भर दिवसा थेट ऊन आत येत नाही. मात्र आपला बीड जिल्हा साधारण १९ अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून जरा उत्तरेला सरकलेला असतो. त्या दिवसांत उत्तरेकडूनही ऊन येतं. तेव्हा, किंवा खिडकी पूर्वेची असेल तेव्हा, खिडकीला पातळ पांढरं कापड लावा. जुनं धोतर किंवा पांढरी ओढणी चालते. रंगीत ओढणी लावू नका, तिचा रंग फुलावर उतरतो.

रंग उतरण्याचा हा प्रकार आपल्याकडे फार होतो. हिरव्या शेडनेटखाली काढलेल्या फोटोत मोगरासुद्धा हिरवट येतो. निळ्या ताडपत्रीच्या आडोशाला गुलाब जांभळट दिसतो. गर्द लिंबाखालीही थोडी हिरवी झाक येते. त्यासाठी कुंडी शेडनेटमधून बाहेर काढून ओसरीच्या सावलीत आणा. पत्र्याचं घर असेल तर पत्र्याची सावली जिथं संपते, तिथून हातभर आत ठेवा.

माळवदाच्या घरात साण्यातून वरून उजेड येतो. तो मवाळ असतो, पण फक्त वरूनच येतो, म्हणून फुलाची खालची बाजू काळी पडते. त्यावर उपाय पुढं आहेच.

पांढऱ्या पुठ्ठ्याची करामत

खिडकीकडची बाजू उजळ आणि दुसरी बाजू फार काळी येत असेल, तर काळ्या बाजूला एक पांढरा पुठ्ठा उभा करा. लग्नपत्रिकेची कोरी बाजू, थर्माकोलचा तुकडा, वहीचा कोरा कागद, काहीही चालेल. खिडकीचा उजेड पुठ्ठ्यावर आपटून फुलाकडे परत येतो. पुठ्ठा जवळ नेला की सावली फिकी होते, लांब नेला की गडद. साण्याखाली फोटो काढताना हाच पुठ्ठा फुलाच्या खाली आडवा धरायचा. स्टीलचं ताट मात्र वापरू नका, त्यानं चकाकणारे पट्टे पडतात.

हे काही नवं शास्त्र नाही. विजेचे दिवे येण्याआधी मोठमोठे फोटो स्टुडिओ सूर्याच्या उजेडावरच चालत. छताला काचा असत, त्याखाली पडदे असत, आणि पडदे सरकवून उजेड हवा तसा करून घेत. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. निजामाचे नावाजलेले छायाचित्रकार होते राजा दीनदयाळ. त्यांच्या स्टुडिओनं १८९२ साली हैदराबादेत बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ सुरू केला. पडद्यातल्या बायकांचे फोटो तिथं काढले जात, आणि ते काम एक इंग्रज बाई सांभाळत. म्हणजे आपल्या या मुलखात सव्वाशे वर्षांपूर्वीही बाईच्या हातात कॅमेरा होता. आपण त्याच वाटेनं चाललो आहोत.

मागं काय असावं

आता मागचं कापड. फुलाच्या फोटोत गॅस सिलिंडर, वाळत घातलेले कपडे, कॅलेंडर, पोराचं दप्तर असं सगळं येतं. बघणाराची नजर फुलावर ठरत नाही. मागं एकच साधी, चमक नसलेली गोष्ट पाहिजे.

आपल्याकडची सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे काळी घोंगडी. लोकर उजेड पिऊन टाकते, परत फेकत नाही, म्हणून फोटोत ती गडद आणि शांत दिसते. घोंगडी दोरीवर टाकून फूल तिच्यापुढं ठेवलं की मोगरा, निशिगंध, पांढरी शेवंती उठून दिसतात. मखमलीचं गडद कापडही चालतं. साटीन किंवा जरीचं कापड नको, ते चमकतं आणि फुलाशी स्पर्धा करतं. सारवलेली मातीची भिंतही छान, तिचा मातकट रंग झेंडूला आणि गुलाबाला शोभतो. पांढऱ्या भिंतीपुढं गोकर्ण आणि गडद लाल फुलं चांगली दिसतात. ढोबळ नियम असा, की फिक्या फुलाला गडद पाठ आणि गडद फुलाला फिकी पाठ.

फूल मागच्या कापडाला चिकटवून ठेवू नका. मध्ये दीड-दोन हात जागा सोडा. त्यानं दोन गोष्टी साधतात. फुलाची सावली कापडावर पडत नाही, आणि कापडाच्या सुरकुत्या फोटोत धूसर होतात.

जर्मनीत कार्ल ब्लॉसफेल्ट नावाचे एक शिक्षक होऊन गेले. बर्लिनमध्ये कलेच्या विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी ते झाडांचे कोंब, कळ्या, पानं यांचे फोटो काढत. कॅमेरा घरी बनवलेला, उजेड दिवसाचा, मागं साधा कोरा पुठ्ठा. असे हजारो फोटो त्यांनी काढले. १९२८ साली त्यांचं पुस्तक निघालं आणि साठी ओलांडलेला हा मास्तर जगभर प्रसिद्ध झाला. साधी पाठ आणि चांगला उजेड एवढ्यावर काम किती लांब जातं, ते यावरून कळतं.

आता फोनची एक खोड सांगते. फोन सगळ्या चित्राचा उजेड मोजून सरासरी काढतो. मागं काळी घोंगडी असली की त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो सगळंच उजळवतो. मग पांढऱ्या मोगऱ्याच्या पाकळ्या चुन्यासारख्या पांढऱ्याफेक होतात. मागं पांढरी भिंत असली की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि फूल काळवंडतं. उपाय असा. पडद्यावर फुलावरच बोट टेकवा. बहुतेक फोनमध्ये शेजारी सूर्याचं चिन्ह येतं. घोंगडी असेल तर बोटानं ते खाली ओढा, पांढरी भिंत असेल तर वर ढकला. पाकळीच्या शिरा दिसू लागल्या की थांबा.

लाल जास्वंद, लाल गुलाब आणि भगवा झेंडू यांचं फोनला जड जातं. लाल रंग इतका भरतो की पाकळ्या वेगळ्या दिसत नाहीत, नुसता लाल गोळा दिसतो. अशा फुलांना सूर्याचं चिन्ह थोडं खालीच ठेवा. गोकर्णीचा निळा-जांभळा रंगही फोन बदलतो. तेव्हा फोटो काढल्यावर फूल आणि फोन शेजारी धरून बघा. रंग जुळला तरच पुढं पाठवा.

दोन लाडकी फुलं

ब्रह्मकमळाबद्दल तुम्ही विचारणारच. आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते खरं तर निवडुंगाच्या कुळातलं, मेक्सिकोकडून आलेलं फूल आहे. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं, आणि ते उत्तराखंडचं राज्यफूल आहे. आपलं हे फूल रात्री उमलतं आणि सकाळपर्यंत मिटतं, म्हणजे दिवसाचा उजेड मिळणारच नाही. तिथं फोनचा फ्लॅश मारू नका, फूल कागदासारखं चपटं दिसतं. शेजारणीच्या फोनची बॅटरी लावा, तिच्यापुढं हातभर अंतरावर पांढरा रुमाल ताणून धरा, आणि तो उजेड बाजूनं येऊ द्या. रुमालच आपली खिडकी होतो. घरातला दिवा बंद करा आणि फोन डब्याला टेकवून स्थिर ठेवा.

दुसरं फूल आमरीचं, ज्याला दुकानदार ऑर्किड म्हणतात. सह्याद्रीत पावसाळ्यात रानआमरी फुलतात. जांभळ्या-गुलाबी फुलांच्या लोंबत्या घोसाला तिकडे सीतेची वेणी म्हणतात. कुणाच्या लेकीनं पुण्याहून आमरीची कुंडी आणली असेल, तर सराव करायला तिच्यासारखं फूल नाही, कारण कुंडीतल्या बऱ्याच आमरींची फुलं कित्येक आठवडे टिकतात. घाई नसते. आमरीची एक पाकळी बाकीच्यांपेक्षा वेगळी, ओठासारखी पुढं आलेली असते. फोन त्या ओठाच्या उंचीवर आणा, वरून काढू नका. उजेड बाजूनं आला की ओठावरचे ठिपके आणि आतली खोबण दिसते. घोस लोंबता असेल तर कुंडी उंच टांगा आणि मागं घोंगडी सोडा. फक्त फोटोसाठी रानातली आमरी उपटून आणू नका. ती झाडाच्या खोडावर वाढते, तिथून तोडली की सहसा जगत नाही.

विक्रीचा फोटो

फोटो काढण्याआधी फोनची मागची काच पदराच्या कोपऱ्यानं पुसा. पिठाचे, तेलाचे डाग असतात, त्यामुळे सगळं धुरकट येतं. फोन फुलाच्या फार जवळ नेऊ नका. वीतभर लांब राहा, लागलं तर चित्र दुप्पट मोठं करा.

रोप विकताना तीन फोटो पाठवा. एक सबंध रोपाचा कुंडीसह, शेजारी हात धरून, म्हणजे उंची कळेल. दुसरा फक्त फुलाचा. तिसरा पानांचा, मागची बाजू दिसेल असा. पानावर कीड नाही हे गिऱ्हाईकाला दिसलं की भाव करताना तेही जपून बोलतं. फोटोखाली कधी काढला तेही लिहा. रंग गडद करणारे फिल्टर वापरू नका. गजरा सुकायला लागला असेल तर त्यावर पाणी शिंपडून फोटो काढू नका. थेंब चमकतात आणि तपकिरी कडा झाकतात, पण हातात गजरा पडला की कडा दिसतातच.

आता सुरुवातीला राहिलेली गोष्ट. दिवसाचा उजेड फुकट आहे, पण दिवसा फोन हातात असणं आपल्या घरांत फुकट मिळत नाही, ते मागावं लागतं. सकाळी आठ ते साडेआठ, एवढा अर्धा तास फोन माझ्याकडे राहील, असं घरात सांगा. गटाच्या बैठकीत ठरवून घेतलं तर सांगणं सोपं जातं. घरच्यांना हिशोबानं सांगा. हारांची एक ऑर्डर परत आली की किती रुपये जातात, आणि अर्ध्या तासात तो तोटा कसा वाचतो, हे वहीत लिहून दाखवा. ज्या घरी अजिबात जमत नसेल, तिथल्या फुलांचे फोटो शेजारच्या ताईंनी काढून द्यावेत. एका गल्लीत एक घोंगडी, एक पुठ्ठा आणि एक चांगली खिडकी, एवढं पुरे.

या आठवड्याचं काम सांगते. घरातलं एकच फूल घ्या. एक फोटो रात्री दिव्याखाली काढा, एक दुपारी उन्हात, आणि एक सकाळी दाराच्या आत, घोंगडी मागं ठेवून. तिन्ही फोटो पुढच्या बैठकीत शेजारी शेजारी ठेवा आणि फूल मध्ये ठेवा. कोणता फोटो फुलाशी खरा बोलतो, ते बायाच सांगतील. मग गटाचे सगळे फोटो कोणत्या वेळी आणि कुणाच्या दारात काढायचे, ते तिथंच ठरवून ठरावाच्या वहीत लिहून टाका.

आज एवढंच.